कंपनी 'फॅमिली-फ्रेंडली' आहे म्हणतात? मग जॉइन व्हायच्या आधी एवढं बघा

माझ्या आधीच्या कंपनीत एचआरने पहिल्याच राउंडला सांगितलेलं, "आम्ही इथे सगळे एक फॅमिली आहोत." आणि खोटं नव्हतं ते, अगदी घरच्यासारखंच होतं, रात्री साडेदहाला फोन आला तरी उचलायचा, कुणी काही सांगितलं की नाही म्हणायचं नाही आणि पगाराचा विषय काढला की सगळ्यांचे चेहरे पडायचे. मुलगा तेव्हा दीड वर्षाचा, कोथरूड ते हिंजवडी जाऊन-येऊन तीन तास, घरचं झालं थोडं अन् व्याह्यानं धाडलं घोडं अशी गत. दोन वर्षं काढली तिथे. नंतरची नोकरी मात्र चार महिने लावून, डोळे उघडे ठेवून शोधली. मावसबहीण आता त्याच फेरीत आहे, तिला फोनवर तिसऱ्यांदा तेच सांगताना वाटलं की लिहूनच काढावं.

आधी करिअर पेज उघडा आणि त्यातलं जे कायद्यानेच द्यावं लागतं ते मनातल्या मनात खोडून टाका. 26 आठवड्यांची पगारी मॅटर्निटी लीव्ह ही कंपनीची मेहेरबानी नाहीये, 2017 च्या दुरुस्तीपासून तो कायदाच आहे (पहिल्या दोन मुलांसाठी, तिसऱ्याला 12 आठवडे, आणि आधीच्या 12 महिन्यांत 80 दिवस काम झालेलं पाहिजे). 50 किंवा जास्त माणसं असतील तर पाळणाघराची सोय आणि आईला दिवसातून चार वेळा तिथे जायची मुभा, हेही कायद्यातच. रजेनंतर काम घरून होण्यासारखं असेल तर दोघांनी ठरवून घरून करता येतं, तेही त्यातच, फक्त तिथे "दोघांनी ठरवून" हे शब्द आहेत आणि सगळी गोची तिथेच होते. हे सगळं खोडल्यावर पेजवर फुगे आणि दिवाळीचे फोटोच उरले तर काय ते समजून घ्या.

बाबा लोकांसाठी काय आहे ते मात्र नक्की बघा. प्रायव्हेटमध्ये पॅटर्निटी लीव्हचा सरसकट कायदा नाही, केंद्र सरकारच्या कर्मचाऱ्यांना 15 दिवस मिळतात, बाकी ज्या त्या कंपनीच्या मर्जीवर. म्हणून कंपनीचं खरं मन इथे कळतं. पॉलिसी किती दिवसांची आहे त्यापेक्षा मी इंटरव्ह्यूत विचारायचे, "तुमच्या टीममध्ये शेवटची पॅटर्निटी लीव्ह कुणी घेतली आणि सलग घेतली का?" एका ठिकाणी मॅनेजर हसून म्हणाला, घेतली ना, पण लॅपटॉप होता त्याच्याजवळ. तो राउंड माझ्या बाजूने तिथेच संपला.

रिव्ह्यू वाचायची पण एक पद्धत आहे. ग्लासडोअर, अँबिशनबॉक्स दोन्हीकडे बघा पण वरचा आकडा बघून काही कळत नाही. पाच स्टारवाले आणि एक स्टारवाले दोन्ही बाजूला ठेवा, पाचवाले कधीकधी एकाच आठवड्यात झुंडीने आलेले असतात आणि एकवाला बहुतेक कालच भांडून निघालेला असतो, मधले तीन स्टारवाले वाचा, ती माणसं शांतपणे लिहितात. शहर आणि डिपार्टमेंट लावून गाळा, कारण त्याच कंपनीच्या बंगळुरूच्या फायनान्सचा अनुभव पुण्याच्या सपोर्ट टीमला शून्य उपयोगाचा. "वर्क लाइफ बॅलन्स चांगला, पण मॅनेजरवर अवलंबून" असं वाक्य पाच-सहा जणांनी लिहिलं असेल तर त्याचा अर्थ तिथे पॉलिसी कागदावर आहे आणि चालतो तो मॅनेजरचा मूड.

अजून एक युक्ती, ही मला खूप कामाला आली. लिंक्डइनवर त्या टीममधल्या अशा बायका शोधायच्या ज्या बाळंतपणानंतर परत रुजू झाल्या, आणि त्या किती टिकल्या ते बघायचं. त्यातल्या एकीला सरळ मेसेज टाकून विचारलं, रजेच्या वर्षाचं अप्रेझल कसं झालं? तिने फोनच केला, चाळीस मिनिटं बोलली. बऱ्याच ठिकाणी रजा पूर्ण मिळते आणि रेटिंग मात्र "सरासरी" पडतं, कारण म्हणे तुम्ही वर्षभर दिसलाच नाहीत. हे कुठल्याही ब्रोशरमध्ये नसतं.

इंटरव्ह्यूत "फ्लेक्सिबिलिटी आहे का" असं कधीच विचारू नका. उत्तर "हो" असंच येतं. त्याऐवजी साध्या दिवसाचं विचारा: दिवसातली पहिली मीटिंग कितीला, शेवटची कितीला, आणि क्लायंट कुठला. अमेरिकेचा क्लायंट असेल तर उन्हाळ्यात संध्याकाळी सातला असणारा कॉल नोव्हेंबरात त्यांची घड्याळं मागे गेली की आठला जातो तो थेट मार्चपर्यंत, म्हणजे पोराला भरवायच्या आणि झोपवायच्या बरोब्बर मध्ये. हे आधी माहीत असलं की घरात वाटणी करता येते. आणि "फ्लेक्सिबल" म्हणजे सहाला निघा पण दहाला परत लॉगिन करा असं असेल तर ती दोन शिफ्टची नोकरी झाली, पगार एकीचाच.

दुसरा प्रश्न माझा आवडता: गणपतीची रजा किती आधी मंजूर होते? हसू नका. कोकणात जाणाऱ्याला रेल्वेचं रिझर्व्हेशन आता 60 दिवस आधी उघडतं, आणि ते उघडल्या उघडल्या संपतं. जिथे "जवळ आल्यावर बघू" म्हणतात तिथे कोकणवाल्याचं दर वर्षी तत्काळ नाहीतर एसटी ठरलेली. जिथे दोन महिने आधी रजा पक्की होते तिथे बाकीचंही जरा रीतीनं चालतं, हा माझा अनुभव. यातच अजून एक बघून घ्या, बिनलग्नाच्या पोरांना दिवाळीची ड्युटी आपोआप लागते का. वडिलांच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनला सुट्टी मागितली तर "तुला काय, पोरंबाळं नाहीत" असं ऐकवणाऱ्या ठिकाणी फॅमिली म्हणजे फक्त बायको-मुलं धरतात.

मेडिक्लेम! हे लोक शेवटी विचारतात, खरं तर आधी विचारायला पाहिजे. आई-वडील कव्हर होतात का, आणि लग्न झालेल्या मुलीला स्वतःचे आई-वडील टाकता येतात का? काही पॉलिसीत एकच जोडी निवडायची असते, आई-वडील नाहीतर सासू-सासरे, आणि मग घरात जे महाभारत होतं ते विचारू नका. बाळंतपणाची लिमिट किती, बाळ पहिल्या दिवसापासून कव्हर आहे का, आई-वडिलांच्या क्लेममध्ये किती टक्के आपल्या खिशातून जातात, एवढं मेलवर लेखी मागवा.

पाळणाघर आहे म्हणाले तर पत्ता आणि वेळ विचारा. आमच्याकडे "टाय-अप" होतं ते बाणेरला, ऑफिस हिंजवडी फेज तीनला, आता दिवसातून चार वेळा तिथे कोण जाणार!

आता समजा तुम्ही आधीच कुठेतरी आहात आणि वेळ बदलून मागायचीय. कॅन्टीनमध्ये, जाता जाता मागू नका, मेल करा. त्यात रडगाणं नको, सासूबाईंचे गुडघे आणि बाईची सुट्टी यातलं काही लिहू नका, नेमकी व्यवस्था लिहा. मी लिहिलेलं साधारण असं: मी आठ ते पाच काम करीन, पाच ते साडेसात फोनवर नसेन, त्या वेळात काही अडलं तर अमुक जण बघेल (त्याला आधी विचारलेलं आहे), तीन महिने करून बघू आणि तेव्हा कुठलं काम मागे पडलं का ते एकत्र बसून पाहू. "तीन महिने करून बघू" म्हटल्यावर मॅनेजरला पण हो म्हणायला सोपं जातं. तोंडी हो म्हणाला तर त्याच दिवशी "आपलं बोलणं झालं त्याप्रमाणे" असा दोन ओळींचा मेल टाका, कारण मॅनेजर बदलतात, आणि नवीन आलेल्याला तुमचं काही ठाऊक नसतं. माझा सात महिन्यांत दोनदा बदलला.

मग पाच वाजले की खरंच उठा. पहिले पंधरा दिवस चोरासारखं वाटतं, बॅग हळूच उचलावी वगैरे. आत्ताच्या ऑफिसात माझ्या साहेबांच्या कॅलेंडरला मंगळवार-गुरुवार साडेपाचला ब्लॉक असतो, त्यावर सगळ्यांना दिसेल असं लिहिलेलं, "मुलीला पोहायला नेणे". इंटरव्ह्यूच्या वेळी स्क्रीन शेअर करताना ते चुकून दिसलं होतं, ऑफर मी त्यावरच घेतली.