ओटीपी सांगण्याआधी

बी.एस्सी.चा शेवटचा पेपर झाला आणि पुढच्याच आठवड्यापासून मला फोन यायला लागले. कुठल्याशा वेबसाइटवर मी 'फ्री करिअर टेस्ट' दिली होती, तिथे नंबर टाकला होता. "मॅडम, तुमचं प्रोफाइल डेटा सायन्ससाठी एकदम फिट आहे." संख्याशास्त्र घेऊन पदवी केली, आता कराडमध्ये घरी बसून एम.एस्सी. करायची की एमपीएससी हेच ठरत नाही, अशा वेळी हे वाक्य किती गोड लागतं ते त्यातून गेलेल्यालाच कळेल.

त्यांच्या डेटा सायन्सच्या, म्हणजे माहितीच्या साठ्यातून निष्कर्ष काढायला शिकवणाऱ्या, कोर्सची फी सव्वा लाख, मुदत नऊ महिने. 'नो कॉस्ट ईएमआय', म्हणजे बिनव्याजी हप्ता, होता आणि सूट फक्त त्या रात्री बारापर्यंत. माझं उत्पन्न नव्हतं म्हणून फॉर्म पप्पांच्या नावाने भरला, आधार-पॅन अपलोड केलं. पावणेअकराला त्यांच्या मोबाइलवर ओटीपी आला. कोर्सवाला माणूस फोनवर थांबून होता. मी हात पुढे केला, पण पप्पांनी मोबाइल दिला नाही. चष्मा लावला आणि अख्खा मेसेज वाचला. त्यात कोर्सवाल्यांचं नावच नव्हतं. एका फायनान्स कंपनीचं होतं, आणि 'लोन अ‍ॅग्रीमेंट' असे शब्द होते.

"हे कर्ज आहे गं," ते म्हणाले, आणि फोन ठेवला.

त्या रात्री मी खूप रडले, आपली संधी गेली असं वाटून. नंतर व्यवहार समजून घेतला. अशा हप्त्यांत फायनान्स कंपनी कोर्सवाल्यांना पैसे आधीच देऊन टाकते आणि आपण पुढे त्या फायनान्स कंपनीचे देणेकरी होतो. दुसऱ्या महिन्यात कोर्स आवडला नाही म्हणून सोडला, तरी हप्ता आपोआप थांबत नाही. चुकवला तर ज्याच्या नावावर कर्ज त्याचा सिबिल स्कोअर, म्हणजे कर्जफेडीची पत दाखवणारा आकडा, घसरतो. आमच्या घरात तो पप्पांचा घसरला असता. रिझर्व्ह बँकेने डिजिटल कर्जांसाठी नियम काढले आहेत. सही करण्याआधी 'की फॅक्ट स्टेटमेंट', म्हणजे सगळ्या खर्चाचा तपशील असलेला कागद, मिळायलाच हवा; आणि कर्ज घेतल्यावर ठरावीक मुदतीत दंड न भरता त्यातून बाहेर पडता येतं. हे दोन्ही मागून घ्या. फोनवरचा माणूस आपणहून सांगेल याची वाट बघू नका.

मग मी एक वही केली. रोज पुण्यातल्या नोकऱ्यांच्या जाहिराती वाचायच्या, फ्रेशरला काय येणं अपेक्षित आहे ते लिहायचं, पुन्हा आलं की पुढे रेघ ओढायची. तीन आठवड्यांत सगळ्यात जास्त रेघा एक्सेल आणि एसक्यूएल (डेटाबेसमधून माहिती काढायची भाषा) यांच्यापुढे जमल्या. त्याखाली पायथन ही प्रोग्रामिंगची भाषा. त्या कोर्समधल्या ज्या 'डीप लर्निंग'साठी (कृत्रिम बुद्धिमत्तेचं एक तंत्र) मी सव्वा लाख भरायला निघाले होते, त्यापुढे दोनच रेघा, आणि त्या दोन्ही जाहिरातींत तीन वर्षांचा अनुभव मागितलेला. कोर्स निवडताना मला या वहीइतका उपयोग कशाचाच झाला नाही.

पायथनसाठी एनपीटेलचे ऑनलाइन कोर्स पाहिले. आयआयटी आणि बंगळूरच्या आयआयएससीने २००३ साली सुरू केलेला हा उपक्रम आता केंद्र सरकारच्या 'स्वयम' या ऑनलाइन कोर्सच्या पोर्टलवरही आहे. व्हिडिओ आणि दर आठवड्याचा गृहपाठ मोफत. सर्टिफिकेट हवं असेल तरच परीक्षेची फी, मी दिली तेव्हा हजार रुपये. मी आयआयटी रोपडच्या प्रा. सुदर्शन अय्यंगार यांचा 'द जॉय ऑफ कम्प्युटिंग यूझिंग पायथन' हा बारा आठवड्यांचा कोर्स घेतला. परीक्षा केंद्रावर जाऊनच द्यावी लागते, त्यासाठी कोल्हापूरला गेले. सर्टिफिकेट मिळालं.

पण खरं शिक्षण मधेच कुठेतरी झालं. चौथ्या-पाचव्या आठवड्यापर्यंत मला वाटत होतं की सगळं समजतंय. व्हिडिओ बघताना सर लिहितात, आपण मान हलवतो, पुढचा व्हिडिओ लावतो. मी माझा एक प्रोग्राम कॉलेजच्या सीनियर दादाला पाठवला, तो पुण्यात नोकरी करतो. त्याने रात्री फोन केला. "उत्तर बरोबर आलंय. पण ही सातवी ओळ का लिहिलीस?" मला सांगता येईना. ती ओळ मी व्हिडिओत बघून उतरवली होती. "मग ती काढून टाक आणि काय होतं बघ," तो म्हणाला. काढली. उत्तर तेच आलं. म्हणजे त्या ओळीची गरजच नव्हती, आणि मला ते कळलंही नव्हतं. त्यानंतर दर शनिवारी मी त्याला काहीतरी पाठवायचे आणि तो अशीच एखादी ओळ पकडायचा. पुढचे आठवडे मी निम्म्या वेगाने गेले, पण जे केलं ते माझं होतं.

म्हणून माझं ठाम मत झालंय की व्हिडिओसाठी पैसे देऊ नयेत. व्हिडिओ उत्तम आहेत आणि फुकट आहेत. पैसे द्यायचे ते आपलं काम वाचून चूक दाखवणाऱ्या माणसाला. एसक्यूएलसाठी मी ते दिले: सहा आठवडे, दहा जणांची ऑनलाइन बॅच, फी साडेचार हजार. ती मी शेजारच्या मुलांच्या शिकवण्यांतून भरली. तिथल्या मॅडम प्रत्येकाची क्वेरी, म्हणजे एसक्यूएलमध्ये लिहिलेली आज्ञा, स्क्रीनवर उघडून तपासायच्या. माझ्यासारखा ओळखीचा 'दादा' तुम्हाला नसेल तर असा कोर्स जरूर घ्या. आधी आठ-दहा दिवस फुकटच्या कोर्सचा गृहपाठ करून बघा. त्यातच जीव रमत नसेल, तर फी भरून रमेल असं मला वाटत नाही.

ऑनलाइन पदवीची गोष्ट निराळी. मान्यताप्राप्त विद्यापीठाची, यूजीसीची (विद्यापीठ अनुदान आयोगाची) परवानगी असलेली ऑनलाइन पदवी नेहमीच्या पदवीच्या बरोबरीची धरली जाते, पण परवानगी आहे का ते यूजीसीच्या संकेतस्थळावर स्वतः बघायचं. कंपनीने विद्यापीठाचा लोगो छापला म्हणजे परवानगी असते असं नाही.

नोकरीच्या मुलाखतीत मला एक एक्सेल फाइल देऊन गाववार विक्रीची बेरीज काढायला सांगितली होती. माझ्याच गावाच्या तीन वेगवेगळ्या बेरजा येत होत्या. एकीकडे 'कराड', एकीकडे 'कऱ्हाड', आणि तिसरीकडे पुन्हा 'कराड'च, पण शेवटी एक स्पेस. ती न दिसणारी स्पेस शोधायला दहा मिनिटं गेली. सापडली तेव्हा समोरच्या सरांनी सर्टिफिकेटची फाइल बाजूला ठेवली आणि कशी शोधलीस ते विचारलं. मला प्रत्येक पायरी सांगता आली.

यंदा चुलतभाऊ पदवीधर झाला. त्याने मला एका कोर्सची लिंक पाठवली, फी ऐंशी हजार. त्यांना मेल करून तीन गोष्टी लेखी विचार, असं मी त्याला सांगितलं: माझा गृहपाठ कोण तपासणार, मधे सोडला तर किती पैसे परत, आणि हप्ता कोणाच्या नावाने कापला जाणार. शेवटच्या दोन प्रश्नांची उत्तरं आलीत. पहिल्याचं येईपर्यंत तो एनपीटेलचा दुसऱ्या आठवड्याचा गृहपाठ करतोय, आणि शनिवारी मला पाठवतो.