ब्रेक आधी, गिअर मागाहून: ट्रॅकवर हील-टो शिकताना या चुका टाळा

घाटात एसटीच्या पुढच्या सीटवर बसून ज्याने लहानपणी प्रवास केलाय, त्याने हील-टोचा अर्धा भाग डोळ्यांनी पाहिलेला आहे. जुन्या गाडीचा ड्रायव्हर खालचा गिअर टाकताना क्लच दाबून न्यूट्रलला आणायचा, क्लच सोडून एक रेस मारायचा, पुन्हा क्लच दाबायचा आणि मग गिअर टाकायचा. डबल क्लच म्हणतात त्याला. नाहीतर गिअरबॉक्स करकरायचा. आताच्या गाडीत दातांचं भांडण गिअरबॉक्समधला सिंक्रोमेश (गिअरचे वेग जुळवणारी कडी) मिटवतो, पण इंजिनाचे आणि चाकांचे फेरे जुळवायचं काम अजून आपल्या पायाकडेच आहे. ट्रॅकवर अडचण एवढीच की हे सगळं ब्रेक दाबलेला असताना करायचं असतं, आणि पेडल तीन, पाय दोन. म्हणून उजव्या पायाने ब्रेक दाबून ठेवायचा आणि त्याच पायाच्या बाहेरच्या कडेने रेस द्यायची. हील-टो ते एवढंच.

पण त्याच घाटातून आपण एक सवय घेऊन येतो आणि ती ट्रॅकवर नडते. 'ज्या गिअरला घाट चढलास त्याच गिअरला उतर' हे घाटासाठी शंभर टक्के बरोबर आहे, कारण तिथे दहा-पंधरा मिनिटं सलग उतार असतो आणि ब्रेकवर सगळा भार टाकला तर ते तापून निकामी होतात. ट्रॅकवर एका वळणाआधीचं ब्रेकिंग दोन-तीन सेकंदांत आटोपतं. तिथे वेग मारायचं काम ब्रेकचं, इंजिनाचं नाही. डाउनशिफ्ट, म्हणजे खालचा गिअर टाकणं, करायची ती वळणातून बाहेर पडताना योग्य गिअर हाताशी असावा म्हणून. हे एकदा डोक्यात बसलं की खालच्या निम्म्या चुका आपोआप गळतात.

आकडा घेऊन बघू. १,२०० किलोची गाडी १६० च्या वेगावरून ८० वर आणायची आहे. चांगल्या टायरवर याला साधारण ८० मीटर आणि अडीच सेकंद लागतात. तेवढ्यात जी ऊर्जा उष्णतेत जाते, तिच्यावर घरातलं जवळपास तीन लिटर पाणी उकळीला येईल. हे काम चार डिस्कचं आहे. त्यात इंजिनाची मदत किरकोळ, आणि ती फक्त इंजिनाला जोडलेल्या दोन चाकांना मिळते.

गिअर लवकर टाकणं

मी केलेली सगळ्यात महागात पडू शकली असती अशी चूक हीच. कोइम्बतूरजवळचा करी मोटर स्पीडवे, रेसर एस. करिवर्धन यांच्या नावाचा, २.१ किलोमीटरचा छोटा आणि वळणावळणांचा ट्रॅक. पुण्याहून गाडी हाकत हजारेक किलोमीटर गेलो होतो, उत्साह ओसंडून वाहत होता. सरळ रस्ता संपताना ब्रेक मारला आणि मारल्या मारल्या तिसऱ्यातून दुसरा टाकला. आरपीएमचा (इंजिनाच्या मिनिटाला होणाऱ्या फेऱ्यांचा) काटा सटकन लाल पट्ट्याकडे गेला आणि मागच्या टायरनी चिर्रर्र केलं. नशिबाने क्लच अजून अर्धवटच सोडलेला होता, तो पुन्हा दाबला.

हिशोब करा. समजा तिसऱ्या गिअरचं गुणोत्तर १.४ आहे आणि दुसऱ्याचं २.०. तिसऱ्यात ४,००० आरपीएम असताना दुसरा टाकला तर इंजिन ५,७०० च्या आसपास जाईल. ठीक आहे. पण ५,००० असताना टाकला तर ७,१०० च्या वर. लाल रेघ ६,५०० ला असेल तर गेलं काम. इथे रेव्ह लिमिटर वाचवत नाही, हे पुष्कळांना ठाऊक नसतं. लिमिटर इंधन किंवा ठिणगी तोडतो, पण इथे चाकंच इंजिनाला ओढत असतात, त्यांना कोण तोडणार? व्हॉल्व्ह वेळेवर बंद होत नाहीत, पिस्टन त्यांच्यावर आदळतो आणि बिल लाखात येतं.

उपाय सोपा आहे, पण हाताला आवर घालणं अवघड. ब्रेकिंगचा पहिला अर्धा भाग गिअर लिव्हरला हातच लावू नका. वेग खाली येऊ द्या. दुसऱ्या अर्ध्यात, वळण घ्यायच्या जरासं आधी गिअर टाका. ग्रेटर नोएडाच्या बुद्ध सर्किटवर, ५.१२५ किलोमीटरच्या त्या ट्रॅकवर, मागचा किलोमीटरभराचा सरळ रस्ता संपतो तिथे एकामागून एक दोन-तीन गिअर उतरवावे लागतात. तिथे घाई करणाऱ्याची गाडी लांबूनही ओळखू येते: आवाज आधी ओरडतो, वेग नंतर कमी होतो. पाचव्यातून थेट तिसरा टाकला तरी चालतं का? माझ्या मते शिकताना खुशाल टाका. एक नीट डाउनशिफ्ट दोन गचाळ डाउनशिफ्टपेक्षा बरी. मात्र जेवढे गिअर गाळाल तेवढी रेस मोठी द्यावी लागेल.

रेस देताना ब्रेक ढिला होणं

ही चूक सगळे करतात आणि कुणालाच स्वतःची दिसत नाही. पाऊल ॲक्सिलरेटरकडे कललं की टाच सरकते आणि ब्रेकवरचा दाब क्षणभर कमी-जास्त होतो. गाडीचं नाक होडीसारखं डोलतं. ओळखायची युक्ती: शेजारी कुणालातरी बसवा आणि त्यांच्या मानेकडे लक्ष द्या. ब्रेकिंगमध्ये मान पुढे झुकून तशीच स्थिर राहिली तर उत्तम. प्रत्येक गिअरला ती 'हो हो' म्हणत असेल तर तुमचा पाय पंप मारतोय.

नाव हील-टो असलं तरी बहुतेक गाड्यांत टाच लागतच नाही. पावलाचा पुढचा गोलसर भाग, अंगठ्याच्या मागचा, ब्रेकच्या उजव्या कडेवर घट्ट ठेवायचा आणि पायाची बाहेरची कड ॲक्सिलरेटरवर कलती करायची. घोटा वळतो, गुडघा जरासा आत झुकतो. पेडल लांब-लांब असतील तरच टाच खाली फिरवावी लागते. आणि बूट! जाड सोलच्या रनिंग शूजमध्ये पायाला काहीच कळत नाही. पातळ, सपाट, जरा अरुंद सोल हवा. चप्पल घालून कुणी येत नसेल असं वाटतं ना? येतात.

इथे एक बारकावा सांगतो, ज्याने माझे दोन महिने वाचले असते. रस्त्यावर सिग्नलला हळुवार ब्रेक मारताना हील-टो जमतच नाही, कारण ब्रेकचं पेडल वर असतं आणि ॲक्सिलरेटर बराच खाली. पाय पोचत नाही. ट्रॅकवर ब्रेक जोरात दाबला की ते खाली जातं, दोन्ही पेडल जवळपास एका पातळीला येतात, आणि मग घोटा कलता केला तरी पुरतं. म्हणजे हळू सराव करताना जमत नाही म्हणून निराश होऊ नका. आधी गाडी उभी करून, इंजिन चालू, गिअर न्यूट्रलला, ब्रेक जोरात दाबून नुसत्या रेसचा सराव करा. काटा प्रत्येक वेळी तेवढाच उठला पाहिजे आणि ब्रेकचं पेडल पायाखाली हललं नाही पाहिजे. कॉलनीतल्या शेजाऱ्यांना आधी सांगून ठेवा.

उभ्या गाडीत ब्रेक दाबून रेस दिली आणि इंजिनाने दादच दिली नाही तर? पायाला दोष देण्याआधी गाडीकडे बघा. केबलऐवजी इलेक्ट्रॉनिक थ्रॉटल असलेल्या काही गाड्यांत दोन्ही पेडल एकदम दाबली की कॉम्प्युटर ॲक्सिलरेटरचं ऐकत नाही. सुरक्षिततेसाठी तशी सोय केलेली असते. उलट काही नव्या मॅन्युअल गाड्या रेस स्वतःच देतात; २००९ च्या मॉडेलच्या निस्सान ३७०झेडपासून हे सुरू झालं. शिकायचं असेल तर ते बटण बंद करा.

रेस दिली, पण क्लच उशिरा सोडला

क्रम असा: ब्रेक, क्लच, गिअर, रेस, क्लच सोडा. शेवटच्या दोन गोष्टी जवळजवळ एका श्वासात. रेस देऊन मग निवांत क्लच सोडला तर तोवर फेरे खाली आलेले असतात, सगळी मेहनत फुकट. गाडीच सांगते काय चुकलं ते. क्लच सोडताना गाडी पुढे ढकलल्यासारखी झाली तर रेस जास्त झाली. नाक आणखी खाली गेलं, मागची बाजू वळवळली किंवा टायर चिरकलं तर कमी पडली. चुकायचंच असेल तर जास्तीकडे चुका. मागच्या चाकांवर चालणाऱ्या गाडीत कमी रेस म्हणजे मागच्या चाकांना अचानक हँडब्रेक ओढल्यासारखं, तेही सगळं वजन पुढे गेलेलं असताना. आपल्याकडे ट्रॅकवर दिसणाऱ्या बहुतेक हॅचबॅक पुढच्या चाकांवर चालतात, त्यात ही चूक खपून जाते आणि म्हणूनच ती सवय होते.

ब्रेक उलटा मारणं

रस्त्यावर आपण आधी हलका आणि शेवटी जोरात ब्रेक मारतो. ट्रॅकवर नेमकं उलट. पहिल्या क्षणी लाथ नाही, पण पटकन दाब वाढवत जाऊन जोर गाठायचा, आणि वेग उतरेल तसा दाब सोडत आणायचा. वजन पुढच्या टायरवर यायला पळभर लागतो. त्याआधीच लाथ घातली तर एबीएस (चाकं जाम होऊ न देणारी यंत्रणा) लगेच कामाला लागतो आणि पेडल थरथरतं. थरथरलं म्हणून पाय उचलू नका, दाब किंचित कमी करा. आणि वळणात शिरताना ब्रेक झटक्यात सोडलात तर नाक वर उठतं, पुढच्या टायरवरचं वजन जातं आणि स्टिअरिंग फिरवूनही गाडी सरळच जाते. 'गाडी वळत नाही' ही तक्रार घेऊन आलेल्या दहातल्या सहा-सात जणांचा दोष ब्रेक सोडण्यात असतो, असं माझं मत आहे. मोजून पाहिलेलं नाही.

पेडल काय सांगतंय

चौथ्या-पाचव्या लॅपला ब्रेक लागेनासे होतात तेव्हा दोन वेगळे आजार असतात. पेडल दगडासारखं घट्ट आहे पण गाडी थांबत नाही, म्हणजे पॅड त्यांच्या कुवतीपेक्षा जास्त तापलेत. पेडल मऊ होऊन खाली जातंय, म्हणजे ब्रेक ऑइल उकळून त्यात वाफ झालीय. दुसरा प्रकार जास्त भयंकर. डॉट ४ ऑइलचा किमान उत्कलनांक ताजं असताना २३० अंश, पण पाणी शोषल्यावर १५५. हे ऑइल हवेतली ओल ओढतं, आणि आपल्याकडे चार महिने पाऊस असतो. मागच्या उन्हाळ्यात बदललेलं ऑइल घेऊन दिवाळीनंतर ट्रॅकवर जाऊ नका. पेडल मऊ लागलं तर ते पटापट पंप करा, गाडी बाजूला घ्या, आणि 'अजून एकच लॅप' हे मनातही आणू नका.

आणि शेवटची लॅप सावकाश, ब्रेक जवळपास न वापरता मारा. पिटमध्ये, म्हणजे ट्रॅकच्या कडेला गाड्या थांबतात तिथे, आलात की हँडब्रेक ओढू नका. तापलेल्या डिस्कवर पॅड चिकटून बसतात, त्यांचा थर उरतो आणि पुढच्या वेळी पेडल हादरतं. मग गॅरेजवाला 'डिस्क वाकलीय' म्हणून नवीन डिस्कचं बिल हातात देतो. गाडी पहिल्या गिअरमध्ये ठेवा आणि चाकाखाली एक वीट सरकवा.