गँगस्टरपटातला अभिनय जोखायचा कसा? ‘पब्लिक एनिमीज’ समोर ठेवून

ठाण्याचा प्रेक्षक नाटकावर पोसलेला. गडकरी रंगायतनच्या बाल्कनीत शेवटच्या रांगेतही वाक्य स्वच्छ पोचलं पाहिजे, ही त्याची पहिली अट. रंगमंचाला ती रास्तच आहे. पण दिग्दर्शक मायकल मॅनच्या 2009 सालच्या ‘पब्लिक एनिमीज’ला तीच फूटपट्टी लावली की दरोडेखोर जॉन डिलिंजर झालेला जॉनी डेप ‘काही करतच नाही’ आणि त्याच्या मागावरचा तपास अधिकारी पर्विस झालेला ख्रिश्चन बेल ‘ठोकळा’ आहे, असे शेरे येतात. पहिला शेरा साफ चुकीचा, दुसरा निम्मा खरा. हे ज्याचं त्याला तपासून पाहता यावं म्हणून ही पद्धत. सोसायटीच्या क्लबहाऊसमध्ये वीस-पंचवीस जणांत जमते, घरी दोघांतही जमते.

आधी खोलीचं बघा, कारण निम्मे गैरसमज तिथेच जन्मतात. सिनेमा डिजिटल कॅमेऱ्यावर चित्रित झालाय आणि त्यात रात्रीचे प्रसंग भरपूर आहेत. काचेच्या खिडक्यांतून उजेड आला की डेपचे डोळे टोपीच्या सावलीत गायब होतात, आणि मग ‘चेहऱ्यावर भाव नाहीत’ हे ओघानं आलंच. पावसाळ्याच्या सुरुवातीला ठाण्यात सव्वासातच्या सुमारास सूर्य मावळतो, डिसेंबरात सहाच्या सुमारास. लांबी 2 तास 20 मिनिटं. म्हणून हा कार्यक्रम थंडीतच ठेवा: साडेसहाला सुरू, नऊच्या आत संपतो, चर्चेला पाऊण तास उरतो आणि दहानंतर आवाजावरून वरच्या मजल्याची कुरकुर येत नाही. पावसाळ्यातच करायचा असेल तर खिडक्यांना काळं कापड लावा.

टीव्हीवर दाखवणार असाल तर ‘मोशन स्मूदिंग’, म्हणजे हालचाल कृत्रिमपणे गुळगुळीत करणारी सोय, बंद करा. कंपनीगणिक त्याला वेगळं नाव असतं, पण पिक्चर सेटिंगमध्ये ते सापडतं. ते चालू राहिलं तर आधीच व्हिडिओसारखी दिसणारी ही चित्रचौकट दुपारच्या मालिकेसारखी दिसायला लागते आणि नट खोटे वाटतात. दोष यंत्राचा, शिव्या नटाला. प्रोजेक्टर असेल तर 8 फूट रुंद चित्रासाठी साधारण 12 फूट अंतर लागतं. साध्या प्रोजेक्टरांचं गणित असंच, रुंदीच्या दीडपट. स्पीकर पडद्याच्या दोन्ही बाजूंना ठेवा, मागे नको. संवाद बरेचसे पुटपुटल्यासारखे आहेत आणि क्लबहाऊसच्या गुळगुळीत फरशीवर आवाज घुमतो. सतरंज्या अंथरल्या तरी खूप फरक पडतो. पंखे कमी वेगावर. मूळ इंग्रजी आवाज आणि सबटायटल्स लावा. डबिंग नको, कारण डबिंगमध्ये अर्धा नट बदलतो. आणि ओटीटीची वर्गणी घरगुती पाहण्यापुरती असते. सभागृहात दाखवायचं तर परवानगी आधी घ्या.

सिनेमा सुरू करण्याआधी पाच मिनिटं इतिहास सांगा, जास्त नको. जॉन डिलिंजर हा 1933-34 मध्ये अमेरिकेत बँका लुटणारा दरोडेखोर. 3 मार्च 1934 ला तो इंडियानातल्या क्राउन पॉइंटच्या तुरुंगातून पळाला, बहुतेकांच्या मते लाकडी पिस्तूल दाखवून. 22 जुलै 1934 ला शिकागोच्या बायोग्राफ थिएटरमधून सिनेमा पाहून बाहेर पडताच त्याला गोळ्या घातल्या. एवढं पुरे. मग दिग्दर्शकाने काय बदललं ते: ‘प्रिटी बॉय’ फ्लॉइड आणि ‘बेबी फेस’ नेल्सन हे दरोडेखोर पडद्यावर डिलिंजरच्या आधी मरतात, प्रत्यक्षात ते त्याच वर्षी ऑक्टोबर आणि नोव्हेंबरमध्ये मेले. सिनेमाच्या सुरुवातीला डिलिंजर स्वतः जाऊन साथीदारांना तुरुंगातून सोडवतो. खरं तर 26 सप्टेंबर 1933 ला, ते पळाले तेव्हा, तो ओहायोत कोठडीत होता. ही यादी आधीच उरकली की चर्चेत ‘पण असं घडलंच नव्हतं’ म्हणणारे गप्प बसतात. हे हिशेब दिग्दर्शकाच्या खात्यावर टाका, नटाच्या नाही.

आता मुख्य काम. पूर्ण सिनेमा एकदा सलग बघा, कुणी काही बोलायचं नाही. मग चार प्रसंग काढून ते पुन्हा लावा, प्रत्येकी तीन ते पाच मिनिटं. पहिल्यांदा आवाज बंद आणि सबटायटल्सही बंद, दुसऱ्यांदा दोन्ही चालू. सबटायटल्स हटवण्याचं कारण सरळ आहे: डोळा खालच्या ओळीत अडकला की हात, खांदे, चाल काहीच दिसत नाही.

पहिला प्रसंग क्राउन पॉइंटमधल्या पत्रकारांचा. त्याआधी 1934 चा मूळ फोटो अर्धा मिनिट दाखवा. त्यात डिलिंजरने सरकारी वकील रॉबर्ट इस्टिलच्या खांद्यावर कोपर टेकवलंय, जणू जुना दोस्त. (तो फोटो इस्टिलला पुढे चांगलाच महागात पडला.) डेप तीच पोझ घेतो, पण पोझ जुळणं ही नक्कल झाली, त्यावर गुण देऊ नका. बघायचं ते कोपर टेकण्याआधीचं आणि नंतरचं. वजन खरंच खांद्यावर जातं का? टेकवताना नजर वकिलाकडे आहे की पत्रकारांकडे? त्या एका कोपरातून, इथे मालक कोण, हे कळतं. वाक्य न ऐकता कळलं तर अभिनय चोख.

दुसरा प्रसंग म्हणजे सगळ्या सिनेमाचा कस. डिलिंजर शिकागो पोलिसांच्या, खास त्यालाच पकडायला नेमलेल्या पथकाच्या खोलीत सरळ चालत जातो. भिंतीवर त्याचे आणि साथीदारांचे फोटो. पोलीस रेडिओवर बेसबॉल ऐकतायत. तो स्कोअर विचारतो आणि निघून जातो. इथे तीन जणांना कामं वाटून द्या: एकाने फक्त डोळे बघायचे, दुसऱ्याने पावलांचा वेग, तिसऱ्याने हात. मग तिघांची टिपणं एकत्र वाचा. हलका नट इथे ‘बघा कसा फसवला’ असं मिरवेल. डेप मिरवत नाही. मेलेल्या मित्रांच्या फोटोंपाशी तो रेंगाळतो आणि आपलीही पाळी आलीय हे त्याला समजलंय, असं वाटतं. डेप थंड वाटतो म्हणणाऱ्यांना एवढाच प्रसंग पुन्हा दाखवावा. ओरडण्यापेक्षा हे अवघड आहे.

तिसरा प्रसंग मारिऑन कोतियारचा, चौकशीचा. तिथे उलट करा: चित्र झाका, फक्त आवाज ऐका. ती फ्रेंच नटी, आणि तिने साकारलेली डिलिंजरची प्रेयसी बिली फ्रेशेट ही विस्कॉन्सिनची, मेनॉमिनी आदिवासी आणि फ्रेंच वंशाची. आवाज चढला की कोतियारचे उच्चार थोडे निसटतात, हे कान देऊन ऐकलं तर जाणवतं. त्याचा दहातला एक गुण कापा, जास्त नाही. कारण मार खाऊनही शेवटी चौकशी करणाऱ्यांनाच चिडवणारा जो सूर ती लावते, तो कमावलेला आहे. तिला मिळालेला वेळ कमी, तरी सिनेमातलं सर्वांत भरीव काम तिचंच. बिली क्रडपचा एडगर हूवर, पर्विसच्या तपास खात्याचा प्रमुख, हाही सहज नजरेतून सुटतो: जुन्या बातमीपटांतल्यासारखं तुटक, ताठ बोलणं त्याने अचूक पकडलंय. स्टीफन ग्रॅहमचा नेल्सन मात्र सतत वरच्या पट्टीत. काहींना तो आवडतो. दुसऱ्या मारामारीनंतर कंटाळा येतो.

बंदुकीकडेही बघा. थॉम्सन सबमशीनगन रिकामी असतानाच जवळपास 5 किलोची. गोल मॅगझिन भरून लावलं की आणखी जड. हातात खेळणं धरल्यासारखी ती हलत असेल, तर नट वजन विसरलाय. लिटल बोहेमिया लॉजवरच्या चकमकीचा प्रसंग विस्कॉन्सिनमधल्या त्याच खऱ्या लॉजमध्ये चित्रित झालाय. तिथे स्टीफन लँगचा विन्स्टेड, पर्विसच्या बाजूचा एजंट, शोधा. एकही हालचाल जास्तीची नाही.

चौथा प्रसंग गजांआडून डेप आणि बेल समोरासमोर येतात तो. नियम एकच: बोलणाऱ्याकडे नाही, ऐकणाऱ्याकडे बघा. बेलचा पर्विस हा दक्षिण कॅरोलिनाचा शिष्ट माणूस, तोल सांभाळून बोलणारा. ताठरपणा भूमिकेचाच आहे. खरी अडचण अशी की समोरचं वाक्य लागलं तरी त्याच्या चेहऱ्यावर उशिरा उमटतं, कधीकधी उमटतच नाही. त्यातली थोडी चूक पटकथेची, तिने पर्विसला घर-दार, मित्र, काहीच दिलेलं नाही. म्हणून म्हटलं, शेरा निम्मा खरा.

गुण नाट्यशास्त्रातल्या चार भागांत द्या, पण सारखे वाटू नका: वाचिक (बोलणं) 2, आंगिक (देहबोली) 3, आहार्य (वेशभूषा) 1, सात्त्विक (आतून उमटणारे भाव) 4. आहार्याला एकच, कारण सूट-हॅट शिंप्याचं कौशल्य. नटाला गुण फक्त ती टोपी तो सवयीने घालतो का, याचा. चिठ्ठ्या बंद ठेवून गोळा करा, आधी हात वर करायला लावलं तर मोठ्या आवाजाचा सभासद सगळ्यांना ओढतो. बेलच्या बाबतीत आकडे 4 ते 8 असे पसरले तर सरासरी काढत बसू नका. 4 देणाऱ्याला आणि 8 देणाऱ्याला चौथा प्रसंग पुन्हा दाखवा, आणि नेमक्या कुठल्या क्षणी गुण दिले किंवा कापले ते पॉज करून दाखवायला सांगा. ज्याला क्षण दाखवता येणार नाही, त्याची चिठ्ठी बाद.