स्वतःचं पुस्तक स्वतः काढताय? या चुका तरी करू नका

महिन्यातून तीन-चार फोन येतात. सुरुवात ठरलेली. "ताई, कादंबरी लिहून झालीय, स्वतःच काढायची म्हणतोय. पुढच्या रविवारी प्रकाशन आहे, तेवढं आयएसबीएनचं कसं करायचं सांगा ना." (आयएसबीएन म्हणजे पुस्तकाचा आंतरराष्ट्रीय ओळख क्रमांक.) हॉल ठरलेला असतो, पाहुणे ठरलेले असतात, पत्रिका व्हॉट्सॲपवर फिरलेली असते. पुस्तक तेवढं व्हायचं असतं.

माझ्या पहिल्या तीन कादंबऱ्या प्रकाशकांनी काढल्या. चौथी दोन वर्षं एका कपाटात पडून होती. आधी "संमेलनाला काढू", मग "कागद उतरला की काढू". शेवटी मी ती परत मागून घेतली आणि स्वतः काढली. पाचवीही तशीच. प्रकाशकांवर माझा राग नाही. असला तर थोडासाच. पण ती माणसं नेमकं काय काय करत होती, हे मला ती नसतानाच कळलं, आणि त्याची किंमत मोजूनच कळलं.

"फक्त साइझ बदललाय"

चौथ्या कादंबरीची दोन प्रुफं मी स्वतः वाचली. दुसऱ्या प्रुफात जेमतेम अकरा चुका निघाल्या, मी खूश. मग छापखान्याकडून निरोप आला की क्राऊनऐवजी डेमी आकार घेतला तर कागद कमी वाया जातो. मी हो म्हणाले. डीटीपीवाल्यानं, म्हणजे संगणकावर पानं लावणाऱ्यानं, मजकूर नव्यानं ओतला आणि दोन दिवसांनी फाइल पाठवली. सोबत एक वाक्य: "मॅडम, फक्त साइझ बदललाय, मजकुराला हात लावलेला नाही." मी पानांचे आकडे पाहिले, प्रकरणांची शीर्षकं पाहिली आणि "छापा" म्हणून कळवलं.

पाचशे प्रती आल्या. महिन्याभरानं चिपळूणहून एका निवृत्त शिक्षकांचा फोन. पुस्तक आवडलं म्हणाले. "फक्त एक विचारायचं होतं. कुंभार्लीच्या घाटात दर्या कुठून आला?"

मी पुस्तक उघडलं. मी लिहिलं होतं, "पावसाळ्यात दऱ्यांतून धुकं वर चढायचं." छापलं होतं, "दर्यांतून धुकं वर चढायचं." सर पुढे म्हणाले, "आणि लग्नाचा स्वयंपाक आचार्य करतात, ते कुठल्या मठातले?" पहाटे चुली पेटवणारे माझे आचारी सगळे आचार्य झाले होते. कुऱ्हाडीची कुर्हाड झाली होती, दुसऱ्याचं दुसर्या, वाऱ्यावरचं वार्यावर. पुस्तकभर.

काय झालं होतं ते सांगते, कारण हे आजही रोज होतं. आपला हा आडवा, अर्धा र युनिकोडमध्ये, म्हणजे संगणकावर अक्षरं साठवायच्या आजच्या पद्धतीत, दोन तऱ्हांनी लिहिता येतो. एक म्हणजे खाली टिंब असलेला ऱ घेऊन त्याला हलन्त जोडायचा. दुसरी तऱ्हा म्हणजे साधा र, हलन्त आणि त्यामागे एक न दिसणारं जोडचिन्ह, ज्याला झेडडब्ल्यूजे म्हणतात. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात. पण मजकूर एका फाँटातून दुसऱ्यात नेताना, किंवा "फालतू अदृश्य चिन्हं" एका फटक्यात साफ करताना, ते जोडचिन्ह गळतं. मग र उडी मारून पुढच्या अक्षराच्या डोक्यावर रफार होऊन बसतो. शुद्धलेखन तपासणारं ॲप इथं उपयोगाचं नाही, कारण "आचार्य" आणि "दर्या" हे दोन्ही शब्द शुद्धच आहेत.

शुद्धिपत्राच्या चिठ्ठ्या छापल्या. मी, नवरा आणि भाची असे तिघं हॉलमध्ये सतरंजीवर बसून दोन रविवार त्या डकवत होतो. शे-सव्वाशे प्रती तोवर गेलेल्याच होत्या.

त्यानंतर माझ्या सवयी बदलल्या. आता मी टंकतानाच टिंबाचा ऱ वापरते; इन्स्क्रिप्ट कळफलकावर र चीच कळ शिफ्ट धरून दाबली की तो येतो. शेवटच्या पीडीएफमध्ये "र्य" आणि "र्ह" शोधते. सूर्य, कार्य, पर्याय सोडून द्यायचे, बाकीचे एकेक बघायचे. पुस्तक जुन्या, युनिकोडपूर्व फाँटात लागलं असेल तर शोध चालत नाही. तेव्हा कोपऱ्यावरच्या झेरॉक्सवाल्याकडून सगळी पानं कागदावर काढते, पट्टी आणि लाल पेन घेते आणि शेवटच्या प्रकरणापासून उलटं वाचत येते. सरळ वाचलं की आपणच लिहिलेल्या गोष्टीत आपण वाहून जातो. आणि "मजकुराला हात लावलेला नाही" हे वाक्य कानावर आलं की मी पुस्तक पहिल्या पानापासून पुन्हा वाचते. तीन दिवस जातात. प्रकाशन लांबतं. लांबू दे.

संपादक नको असणं

"मीच लिहिलंय, मला माहितीय काय हवंय." हे ऐकलं की मी विषय बदलते. माझ्या दुसऱ्या कादंबरीच्या वेळी संपादकांनी सुरुवातीची चाळीस पानं काढायला लावली होती. मी आठ दिवस रुसले होते. ती पानं आज चाळते तेव्हा लाज वाटते. स्वतः काढताना नाही म्हणणारं कुणी नसतं, हाच तर त्यातला आनंद आणि हीच गोम. पैसे मोजून अनोळखी माणूस शोधा. मित्राला वाचायला दिलं की तो "मस्त जमलंय" म्हणतो, कारण त्याला तुमच्याकडे पुन्हा जेवायला यायचं असतं.

एका प्रतीमागे हाती किती?

हा प्रश्न मी फोनवर हमखास विचारते आणि पलीकडे हमखास शांतता पसरते. "प्रकाशक 10 टक्के देतो, मी स्वतः काढलं की सगळं माझंच," इतकंच गणित झालेलं असतं. माझं खरं गणित मांडते.

चौथी कादंबरी 288 पानांची. छपाईत पानं गठ्ठ्यानं निघतात; 16 पानांचा एक गठ्ठा म्हणजे फॉर्म, तेव्हा 18 फॉर्म. (290 पानं झाली असती तर पुढच्या फॉर्मची 14 पानं एकतर कोरी गेली असती किंवा जाहिरातींनी भरावी लागली असती. पानसंख्या फॉर्मात बसवणं डीटीपीवाल्यावर सोडू नका.) पाचशे प्रतींना छपाई-बांधणी धरून प्रत 100 रुपयांना पडली. संपादन, अक्षरजुळणी, मुखपृष्ठ मिळून 45,000, म्हणजे प्रतीमागे आणखी 90. किंमत ठेवली 400. वितरकाला 50 टक्के कमिशन. माझ्या हाती 200, त्यातून 190 गेले, उरले 10. प्रकाशकानं 10 टक्क्यांनी 40 दिले असते!

वाचकाला थेट विकलं तर चित्र बदलतं. 20 टक्के सवलत देऊन 320 येतात, खर्च वजा जाता 130 उरतात, त्यातून पुठ्ठा, चिकटपट्टी आणि टपाल. म्हणून स्वतः काढायचं असेल तर स्वतः विकायची तयारी हवी. पार्सलं बांधायची, पत्ते लिहायचे, "अजून आलं नाही" हे फोन घ्यायचे. ते जमणार नसेल तर प्रकाशकाचे 40 घ्या, सुखी राहा.

पाचव्या वेळी मी शहाणी झाले असं मला वाटत होतं. छापखानेवाले म्हणाले, "हजार काढा, प्रत 80 ला पडेल." पाचशेचे 50,000, हजाराचे 80,000. प्रतीमागे वीस रुपये वाचवायच्या हौसेत मी तीस हजार जास्तीचे घातले आणि न विकलेल्या पाचशे प्रती विकत घेतल्या. त्या दिवाणात गेल्या. दुसऱ्या पावसाळ्यात दिवाणाच्या मागच्या भिंतीला ओल आली. वरचे गठ्ठे वाचले. खालच्यांची पानं लाटांसारखी वळली आणि कणा सुटला. जे कोरडे होते त्यांना कसर लागली. रद्दीवाला किलोवर घेऊन गेला. तराजूत तो माझं मुखपृष्ठ वर ठेवत होता, ते बघवलं नाही.

आता मी तीनशेच काढते. प्रत महाग पडते, पडू दे. संपल्या तर पुन्हा छापता येतात, फाइल कुठे पळून जात नाही. तुरळक मागणीसाठी पोथी डॉट कॉमसारख्या मागणीनुसार छापून देणाऱ्या सेवा आहेतच. हजाराच्या खाली उतरायला कमीपणा वाटणाऱ्यांनी आधी आपल्या घरातल्या भिंती तपासाव्यात.

हक्क परत न घेता जुनं पुस्तक काढणं

जुनी कादंबरी बाजारातून संपली म्हणजे ती आपोआप आपली झाली, असं नसतं. आधी करार शोधा. कॉपीराइट कायदा, 1957 नुसार हक्क लेखी दिलेले असावे लागतात आणि करारात मुदतच लिहिली नसेल तर ती पाच वर्षं धरली जाते. मुदत संपली असली तरी मी एक पत्र पाठवते आणि उत्तर जपून ठेवते. माझ्या पहिल्या कादंबरीचं उत्तर यायला चार महिने लागले. सभ्य उत्तर होतं. आणि हक्क मिळाले तरी ते मजकुराचे. जुनं मुखपृष्ठ चित्रकाराचं किंवा प्रकाशकाचं असू शकतं. ते स्कॅन करून वापरू नका. नवं करून घ्याल तेव्हाही चित्रकाराकडून ई-बुकसकट सगळ्या आवृत्त्यांसाठी लेखी परवानगी घ्या.

बाकीचं भरभर

आयएसबीएन विकत घेऊ नका. दिल्लीची राजा राममोहन रॉय राष्ट्रीय संस्था तो फुकट देते, अर्ज ऑनलाइन होतो. पण वेळ लागतो, रविवारच्या आत होत नाही. छापील पुस्तकाला वेगळा, ई-बुकला वेगळा. "पॅकेजमध्ये आयएसबीएन मोफत" म्हणणाऱ्यांच्या नोंदीत प्रकाशक म्हणून बहुधा त्यांचंच नाव असतं. मग तुम्ही स्वतः काय काढलंत?

किंडलवर मराठी ई-बुक टाकता येतं. भारतातल्या विक्रीवर 70 टक्के मानधन हवं असेल तर केडीपी (किंडलवर स्वतः पुस्तक काढायची ॲमेझॉनची सेवा) हिच्या सिलेक्ट योजनेत जावं लागतं, नाहीतर 35. सिलेक्ट म्हणजे 90 दिवस ते ई-बुक दुसरीकडे कुठेही नाही. मराठी पोर्टलवर नाही, स्वतःच्या संकेतस्थळावरही नाही. टिचकी मारण्याआधी ते वाचावं. मी वाचलं नव्हतं.

फाँट मराठी घ्या. दांडीला चिकटलेला हिंदी वळणाचा ल दिसला की जाणता वाचक पहिल्या पानावरच नाक मुरडतो. पाकळीचा, म्हणजे मराठी वळणाचा, ल शासनानं 2009 च्या निर्णयात प्रमाण ठरवलेला आहे. ई-बुकमध्ये भाषा "मराठी" अशी नोंदवा; काही फाँट ती बघूनच ल बदलतात.

मुखपृष्ठ मोबाइलवर नखाएवढं करून बघा. नाव वाचता येत नसेल तर पुन्हा करा.

कण्याची जाडी कागद नक्की झाल्यावरच मोजा.

पुस्तकं टपालानं स्वस्तात पाठवायचं जुनं रजिस्टर्ड बुकपोस्ट डिसेंबर 2024 मध्ये बंद झालं. मे 2025 पासून टपाल खात्याचं ज्ञान पोस्ट आहे, 300 ग्रॅमपर्यंत 20 रुपये, 5 किलोपर्यंत 100, कर वेगळा. कुठली पुस्तकं चालतात याच्या अटी आहेत, काउंटरवर आधी विचारा. पुस्तकावर मुद्रकाचं किंवा प्रकाशकाचं नाव लागतं, तेव्हा श्रेयनामावलीचं पान गाळू नका.

1954 च्या कायद्यानुसार प्रकाशकानं कोलकात्याचं राष्ट्रीय ग्रंथालय आणि चेन्नई, मुंबई, दिल्लीची ग्रंथालयं यांना प्रत्येकी एक प्रत पाठवायची असते. प्रकाशक आता तुम्ही आहात. पाठवा.

भेटप्रतींची यादी आधी करा आणि निम्मी खोडा. साडूच्या साहेबांना कादंबरी वाचायची नसते.

आणि हॉल. पुस्तक हातात आल्याशिवाय हॉल घेऊ नका. हे मी प्रत्येकाला सांगते, अगदी परवाच्या रविवारवाल्यालाही सांगितलं. तो म्हणाला, "ताई, अनामत भरलीय." मी म्हटलं, बरं, शेवटची पीडीएफ कागदावर काढून वाचलीत का?

"डीटीपीवाल्यानं वाचलीय ना."