चहा लवकर निवत नाही? या चुका टाळा

कढत पेयातली उष्णता बाहेर पडायची सगळ्यात मोठी वाट म्हणजे कपाचं उघडं तोंड. बाजूंनी आणि बुडातून थोडी जाते, पण खरं काम वाफ करते. २०० मिलिलिटर चहातलं जेमतेम १ ग्रॅम पाणी वाफ होऊन गेलं, तरी उरलेल्या चहाचं तापमान पावणेतीन अंशांच्या आसपास उतरतं. खालच्या काही चुकांच्या मुळाशी एकच गोष्ट आहे: वाफेची वाट अडवणं.

झाकण ठेवून वाट बघणं. झाकणाखालची हवा वाफेने भरली की पुढचं बाष्पीभवन जवळजवळ थांबतं. झाकणाला असलेलं छोटं भोक पिण्याच्या सोयीचं, निववायला त्याचा उपयोग नाममात्र. दुधाच्या पेयावरची साय आणि कॉफीवरचा जाड फेस हीसुद्धा झाकणंच. चमच्याने बाजूला करा.

चमचा नुसताच बुडवून ठेवणं. ३० ग्रॅमचा स्टीलचा चमचा गरम होताना एखादा अंश शोषून घेतो आणि तिथेच त्याचं काम संपतं. स्टील हे धातूंमध्ये उष्णतेचं तसं सुस्त वाहक, त्यामुळे दांड्यातून फारसं काही बाहेर जात नाही. चमच्याने पेय वर उचलून धारेने परत सोडत राहिलात तर मात्र फरक पडतो, कारण दर वेळी नवा पृष्ठभाग हवेला लागतो. दोन भांड्यांत वरखाली ओतण्यामागेही हेच आहे, शिवाय दुसरं गार भांडं आपला वाटा उचलतं तो वेगळाच.

कप आधी गरम पाण्याने विसळणं. पेय गरम राहावं म्हणून ही युक्ती उत्तम, घाई असेल तर उलटी. ३०० ग्रॅमचा जाड सिरॅमिक मग २५ अंशांना असेल आणि त्यात ९० अंशांचा २०० मिलिलिटर चहा ओतला, तर मग तापेपर्यंत चहा साधारण १५ अंश उतरलेला असतो. एवढं फुकटचं निववणं कशाला घालवायचं? कपाचा रंग मात्र शोधत बसू नका. चकचकीत लेप दिलेला सिरॅमिक कप काळा असो की पांढरा, या तापमानाला उष्णता जवळपास सारखीच फेकतो.

दूध लगेच घालणं. यावर लोक तावातावाने भांडतात, आणि उत्तर तुम्हाला काय हवंय यावर आहे. न्यूटनने १७०१ मध्ये मांडलं की वस्तू आणि भोवतालची हवा यांच्या तापमानात जितका फरक जास्त, तितकी वस्तू वेगाने निवते. बाष्पीभवनामुळे कढत पेयात हा वेग आणखी तीव्र होतो: ८० अंशांच्या पाण्याचा बाष्पदाब (वाफ होऊन निघायचा जोर) ४० अंशांच्या पाण्याच्या सहापटीहून जास्त असतो. म्हणजे सुरुवातीची कढत मिनिटं सगळ्यात कामाची. गार दूध आधीच ओतलंत की तापमान एकदम खाली येतं, वेग मंदावतो आणि निववायचं द्रवही वाढतं. म्हणून पाच-दहा मिनिटांनी पिण्याजोगं हवं असेल तर काळं पेय उघडं ठेवा आणि फ्रिजमधलं दूध शेवटी घाला. फोन आलाय, पण परतल्यावर गरमच प्यायचंय? मग दूध आत्ताच घालून जा.

फ्रिजमध्ये ठेवणं. वाटतं तितका फायदा नाही. खोली २५ अंशांना आणि फ्रिज ४ अंशांना असेल, तर ८० अंशांच्या चहासाठी तापमानातला फरक ५५ वरून ७६ होतो, दीडपटही नाही. वर फ्रिजमधलं बाकीचं सामान तापतं. त्यापेक्षा पातळ स्टीलचं भांडं गार पाण्याच्या पातेल्यात ठेवा आणि ढवळत राहा. पाणी हवेपेक्षा सुमारे पंचवीसपट चांगलं उष्णतावाहक आहे. काचेला हा प्रयोग नको, तडकेल.

बर्फ चालत असेल तर त्याहून झटपट उपाय नाही. ८० अंशांच्या २०० मिलिलिटर पेयात २० ग्रॅम बर्फ विरघळला की तापमान ६५ च्या जवळ येतं. तेवढंच शून्य अंशाचं पाणी ओतलं तर निम्माच फरक पडतो, कारण वितळण्यासाठी लागणारी उष्णता बर्फ पेयातूनच ओढतो.

खोल, जोरात फुंकर. सरळ खाली फुंकलं की शिंतोडे उडतात. पृष्ठभागावरून आडवी, हलकी फुंकर घाला, म्हणजे वाफेने भरलेली हवा सरकून कोरडी हवा येईल. आपला श्वास मुळात ऊबदार आणि दमट, त्यामुळे छोटा पंखा फुंकरीपेक्षा सरस.

हात लावून किंवा वाफ बघून अंदाज बांधणं. दुहेरी भिंतीचा कप बाहेरून गार लागतो आणि आत जीभ पोळेल इतकं गरम असतं. दिसणारी वाफही फसवते. ते वाफ हवेत गार होऊन बनलेले पाण्याचे थेंब असतात, आणि उबदार, कोरड्या खोलीत कढत कॉफीवरही ते फारसे दिसत नाहीत. चमच्यातला घोट तर कपापेक्षा कितीतरी आधी निवतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१६ मध्ये ६५ अंशांवरची पेयं अन्ननलिकेच्या कर्करोगाला बहुधा कारणीभूत ठरणाऱ्या गटात टाकली. तेव्हा रोज कढत प्यायची सवय असेल तर स्वयंपाकाचा थर्मामीटर एकदा कपात बुडवून बघा. आधी ढवळून घ्या, कारण कपात सगळीकडे तापमान सारखं नसतं.