‘ओपन’ दाबलं की प्रोग्रॅम बंद

नागपुरात डेस्कटॉप सॉफ्टवेअरच्या कामाला लागलात की ही तक्रार कधीतरी येणारच: “भाऊ, फाइल निवडाले गेलो की प्रोग्रॅम बंदच पडून जाते.” आणि आयटी पार्कमधल्या आपल्या मशीनवर सगळं सुरळीत!

नवी मुलं लगेच कोडमध्ये ट्राय-कॅच, म्हणजे चूक पकडणारा कोड, घालतात. ॲक्सेस व्हायोलेशन (परवानगी नसलेल्या मेमरीला हात लावल्याची चूक) असेल तर त्याचा उपयोग नाही. मायक्रोसॉफ्टच्या डॉट नेट फ्रेमवर्क ४ पासून ही चूक साध्या कॅचपर्यंत पोचतच नाही. विंडोजचा फाइल डायलॉग (फाइल निवडायची खिडकी) उघडला की एक्सप्लोररचं शेल तुमच्या प्रोसेसमध्ये, म्हणजे चालू प्रोग्रॅममध्ये, येतं आणि त्याच्यासोबत त्या मशीनवरची शेल एक्स्टेन्शन्सही (इतर सॉफ्टवेअरनी शेलला जोडलेल्या सोयी): क्लाउड ड्राइव्हच्या हिरव्या टिका, झिपवाल्याचा राइट-क्लिक मेनू. त्यातली एक डीएलएल (प्रोग्रॅममध्ये लोड होणारी कोडची फाइल) कोसळली की तुमचा प्रोग्रॅमही गेला. ६४-बिट प्रोसेसमध्ये ६४-बिट डीएलएलच लोड होते, म्हणून ३२-बिट बिल्ड चालतं आणि ६४-बिट पडतं, असं दिसलं तर संशय इथेच घ्या.

कळमन्याच्या एका अडत्याकडे आम्ही आधी विंडोजच्या नोंदी दाखवणारा इव्हेंट व्ह्यूअर उघडला. विंडोज लॉग्स, ॲप्लिकेशन, आयडी १००० ची, म्हणजे प्रोग्रॅम कोसळल्याची, नोंद. ‘फॉल्टिंग मॉड्यूल’समोर एका जुन्या बॅकअप सॉफ्टवेअरची डीएलएल होती. मग त्यांच्यासमोरच नोटपॅडमध्ये कंट्रोल-ओ दाबलं. तेही बंद पडलं. “म्हणजे तुमचं नाही तं,” ते म्हणाले. ही नोटपॅडची चाचणी सगळ्यात आधी करा, ग्राहकाचा विश्वास लगेच बसतो. पुढे एक्स्टेन्शन्सची यादी दाखवणारं शेलएक्सव्ह्यू चालवा. त्यात मायक्रोसॉफ्टची नसलेली एक्स्टेन्शन्स गुलाबी दिसतात. अर्धी बंद करून बघा, मग उरलेली.

मॉड्यूल म्हणून विंडोजचं स्वतःचं एनटीडीएलएल दिसलं तर मात्र घाई नको. मेमरी आधीच कुणीतरी बिघडवलेली असू शकते. प्रॉकडंप या टूलने पूर्ण डंप (कोसळतानाच्या मेमरीची प्रत) घ्या, विनडीबीजी या डीबगरमध्ये स्टॅक, म्हणजे कोणत्या फंक्शनने कोणाला बोलावलं ती साखळी, वाचा.

सगळ्याच मशीनवर पडत असेल तर घोळ बहुधा आपलाच. डायलॉग एसटीए (सिंगल-थ्रेडेड अपार्टमेंट) प्रकारच्या थ्रेडवरूनच उघडायला हवा; बॅकग्राउंड थ्रेडवरून उघडलेले डायलॉग आधी शोधा. नुसतं अडकून राहत असेल, तर सुरुवातीचा फोल्डर बंद पडलेल्या नेटवर्क ड्राइव्हवर आहे का, ते बघा.

क्यूटी या फ्रेमवर्कमध्ये काम असेल तर नेटिव्ह, म्हणजे विंडोजचा, डायलॉग न वापरता क्यूटीचाच वापरण्याचा पर्याय आहे. दिसायला साधा, पण डीएलएलवाल्यांकडून दुरुस्ती येईपर्यंत ग्राहकाचं बिलिंग थांबत नाही.