गर्भपातासाठी जाताना
आठवडे शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून मोजा. संबंधाच्या दिवसापासून मोजलं की साधारण २ आठवडे कमी भरतात, आणि तिथेच उशीर होतो. गोव्यात असाल तर म्हापसा, मडगावचं जिल्हा इस्पितळ किंवा बांबोळीचं गोमेकॉ (गोवा मेडिकल कॉलेज) गाठा. गर्भ गर्भाशयाऐवजी बीजवाहक नळीत नाही ना, हे आधी तपासायला सांगा. तसा असेल तर गोळ्या चालत नाहीत. ९ आठवड्यांपर्यंत डॉक्टरांच्या देखरेखीखाली मिफेप्रिस्टोन २०० मिलिग्रॅम, मग १-२ दिवसांनी मिसोप्रोस्टोल ८०० मायक्रोग्रॅम. सलग २ तास, तासाला २ मोठे पॅड भिजले तर १०८ला फोन करून रुग्णवाहिका बोलवा.

वयाची १८ वर्षं पूर्ण असतील तर सही फक्त तुमची. नवऱ्याची सही, लग्नाचा दाखला कायदा मागत नाही. नाव गुप्त ठेवणं डॉक्टरांवर बंधनकारक आहे.

सोबत जाणारीने जाब विचारू नये. शेकायची पिशवी आणि पॅड घ्यावेत.